चादरीवरचे फूल, पडद्यावरचे पान

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून कुडकुडत बाहेर आलेल्या पोराच्या अंगावर घरातली वडील माणसे जी पहिली वस्तू टाकतात, ती पुष्कळदा सोलापुरी चादर असते. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरात रुखवतात, प्रवासाच्या वळकटीत, पाहुण्यांच्या अंथरुणात आणि आजारी माणसाच्या उशापायथ्याशी ही चादर इतकी वर्षे सुखेनैव नांदत आली आहे, की तिच्याकडे निरखून पाहावे असे कोणाला फारसे वाटत नाही. या दिवाळीत मात्र वाचकांनी एकदा तसे करून पाहावे. चादरीवरचे एखादे फूल किंवा मोराचा पिसारा डोळ्यांजवळ आणावा. दुरून जी पाकळी गोलसर, वळणदार दिसते, तिची कड जवळून पाहिली तर पायऱ्यापायऱ्यांची असते. तिरकी रेघ म्हणून तिथे काही नाहीच. आहेत ते एकाला एक लागून बसलेले लहान लहान ठिपके. आता चादर उलटा. तेच फूल मागच्या बाजूलाही आहे. फक्त रंगांनी आपापल्या जागा बदलल्या आहेत. पुढे जो रंग जमिनीचा, तो मागे फुलाचा.

मग घरातल्या मुलाच्या हातातला मोबाइल घ्यावा आणि त्यावरचे एखादे चित्र बोटांनी ताणून ताणून मोठे करावे. काही वेळाने तिथेही पायऱ्या दिसू लागतील. तिथेही तिरकी रेघ नाही, गोल नाही. आहेत ते ओळीत आणि रांगेत बसवलेले ठिपकेच. हे साम्य पाहून कोणी म्हणेल, की हा योगायोग. परंतु तो योगायोग नव्हे. या दोघांचे नाते आहे, ते नाते चुलत-मावस असे लांबचे असले तरी त्याची वंशावळ लिहून काढता येते, आणि त्या वंशावळीत मधली दोनशे वर्षे माणसाच्या हाताचे काय झाले याची मोठी उद्बोधक कथा दडलेली आहे. ती सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू.

* * *

प्रथम सोलापूरकडे वळू. सिद्धरामेश्वरांचे हे गाव. तळे, भुईकोट किल्ला आणि उन्हाळ्यातले रणरणते ऊन ही त्याची जुनी ओळख. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा एकाच गल्लीत ऐकू येणारी शहरे महाराष्ट्रात थोडी. त्यांत सोलापूरचा क्रम वरचा. तेलुगू इथे आली ती मुख्यतः विणकरांच्या पायांनी. थोरल्या माधवरावांच्या काळात येथे पेठ वसवून विणकरांना बोलावून घेतल्याचे सांगतात. पुढे तेलंगणातून पद्मशाली कुटुंबे येत राहिली आणि शहराच्या पूर्वभागात घराघरात मागाचा खटका ऐकू येऊ लागला. घरातला पुरुष मागावर, बायका कांड्या भरायला किंवा विड्या वळायला, आणि पोरे मध्ये धावपळीला, असा तो संसार.

१८६० च्या सुमारास आगगाडी आली, कापसाला मुंबईची वाट मोकळी झाली, आणि १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली. सोलापूरकर तिला जुनी गिरणी म्हणत. तिच्या मागोमाग आणखी गिरण्या उभ्या राहिल्या आणि गाव भोंग्यावर उठू-झोपू लागले. या कामगारवस्तीतला रंग किती गडद होता हे १९३० च्या मे महिन्यात इंग्रज सरकारला लष्करी कायदा पुकारावा लागला तेव्हा साऱ्या देशाने पाहिले. पुढे १९४९ मध्ये जुनी गिरणी बंद पडली. हजारो घरांच्या चुली तिच्यावर अवलंबून होत्या. १९५० च्या आरंभी केंद्र सरकारने अध्यादेश काढून तिचा कारभार हाती घेतला, आणि ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. भारताच्या नव्या राज्यघटनेतील मालमत्तेच्या हक्काचा अर्थ लावणाऱ्या पहिल्या काही खटल्यांत या सोलापूरच्या गिरणीचे नाव आहे. कायद्याचे विद्यार्थी आजही ते वाचतात; त्यांना चादरीची आठवण होत असेल असे वाटत नाही.

गिरण्या एकामागून एक थंडावल्या. परंतु विणकाम थांबले नाही. ते हातमागावरून यंत्रमागावर गेले आणि लहान लहान कारखान्यांतून चादरी व टर्किश टॉवेल यांच्या रूपाने देशभर पसरले. २००५ च्या सुमारास सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे, सोलापुरात विणली तीच सोलापुरी चादर, असे कायद्याने मान्य केले. अशी नोंद करावी का लागली, ते पुढे येईलच.

* * *

आता चादरीवर फूल उमटते कसे ते पाहू. कापडात दोन दिशांचे धागे असतात. लांबीत ताणलेले उभे धागे म्हणजे ताणा, आणि धोट्यातून आडवे जाणारे धागे म्हणजे बाणा. धोटा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातो त्या क्षणी ज्या उभ्या तारा वर उचललेल्या असतील, त्यांच्याखालून आडवा धागा जातो; ज्या खाली असतील त्यांच्यावरून जातो. साऱ्या विणकामाचे रहस्य एवढेच. साध्या कापडात एकाआड एक तारा उचलल्या की भागते. पण फूल काढायचे असेल तर प्रत्येक फेरीला निराळ्याच तारा उचलाव्या लागतात, आणि कोणत्या फेरीला कोणत्या, हे कोणीतरी लक्षात ठेवावे लागते.

पैठणी विणणारा कारागीर हे स्वतःच्या बोटांनी करतो. तो तारा मोजतो, पदरावरच्या मोरासाठी रंगारंगाच्या निराळ्या लहान कांड्या घेऊन तेवढ्याच तारांत तो रंग गुंतवतो. मोर त्याच्या डोक्यात असतो आणि बोटांतून उतरतो. म्हणूनच एका पैठणीला महिने लागतात. सोलापूरची चादर ही सामान्य माणसाची. तिला महिने लावून चालणार नाही. तिथे ही आठवण ठेवण्याचे काम माणसाकडून काढून पुठ्ठ्याच्या पत्त्यांकडे दिले आहे.

नक्षी काढणारा आधी साध्या कागदावर फूल काढतो. मग ते चौकटीच्या कागदावर उतरवतो. त्या कागदावरचा प्रत्येक चौकोन म्हणजे एका उभ्या आणि एका आडव्या धाग्याची भेट. चौकोन रंगवला तर तार वर, कोरा ठेवला तर खाली. पाकळीची गोलाई पायऱ्यांची होते ती इथे. मग त्या कागदाची एकेक आडवी ओळ घेऊन तिच्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या एका पट्टीला भोके पाडतात. एक ओळ म्हणजे एक पत्ता, एक पत्ता म्हणजे धोट्याची एक फेरी. सारे पत्ते दोऱ्याने ओवून त्यांची माळ करतात आणि ती मागाच्या डोक्यावरच्या जॅकार्ड यंत्रावर चढवतात. यंत्रात आडव्या सुया असतात. पत्ता समोर आला की जिथे भोक असेल तिथे सुई आत शिरते, आणि तिच्याशी जोडलेला आकडा जागच्या जागी राहून वर उचलला जातो. त्याबरोबर त्याची तारही. जिथे भोक नाही तिथे पुठ्ठा सुईला मागे ढकलतो, आकडा सुटतो आणि तार खालीच राहते. भोक म्हणजे होय, पुठ्ठा म्हणजे नाही. चारशे सुयांचे यंत्र आणि सहाशे पत्त्यांची माळ घेतली तर दोन लक्ष चाळीस हजार वेळा हे होय-नाही झाल्यावर नक्षी एकदा पुरी होते, आणि माळ फिरून पहिल्या पत्त्यावर येते.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मागावरच्या माणसाला फूल ठाऊक असण्याची गरज उरलेली नाही. फूल पत्त्यांत आहे. माळ बदलली की त्याच मागावर, तोच माणूस, फुलाऐवजी मोर विणू लागतो.

* * *

ही युक्ती ज्याच्या नावाने चालते तो जोसेफ मारी जॅकार्ड फ्रान्समधील लिऑन या रेशमाच्या शहराचा. त्याच्या आधी तेथे नक्षीच्या मागाला दोन माणसे लागत. एक विणकर, आणि दुसरे तारा ओढणारे पोर. विणकराने सांगावे आणि पोराने दोऱ्यांचे जुडगे ओढून धरावे, असा दिवसभराचा क्रम. हे काम इतके कष्टाचे आणि चुकीला इतकी जागा असलेले, की ते यंत्राकडे द्यावे ही कल्पना अनेकांच्या मनात आली. १७२५ मध्ये बुशाँने भोके पाडलेल्या कागदाची गुंडाळी वापरली. तीन वर्षांनी फाल्काँने कागदाऐवजी ओवलेले पत्ते आणले. शतकाच्या मध्याला व्होकांसाँ या खेळणी-यंत्रांच्या कुशल कारागिराने त्यात आपली भर घातली. जॅकार्डने १८०४ मध्ये या साऱ्यांचे सार एकत्र करून चालणारे यंत्र उभे केले. नेपोलियनच्या सरकारने १८०५ मध्ये ते राष्ट्राच्या मालकीचे ठरवून त्याला निवृत्तिवेतन बांधून दिले. तारा ओढणाऱ्या पोराचे काम मात्र गेले.

विणकरांनी जॅकार्डच्या यंत्राची होळी केली, त्याला नदीत ढकलू पाहिले, अशा कथा पुष्कळ सांगतात. त्यांतले खरे-खोटे कसेही असो. १८३१ साली लिऑनच्या विणकरांनी जो मोठा उठाव केला, तो यंत्राविरुद्ध नव्हता, हे इतिहासात स्पष्ट आहे. त्यांचे म्हणणे एकच होते, की कापडाच्या विणाईचा किमान दर ठरवून द्या आणि तो पाळा. यंत्र त्यांनी केव्हाच आपलेसे केले होते. भांडण होते ते यंत्रामुळे वाढलेल्या कमाईतला वाटा कोणाच्या ताटात पडतो याचे. ज्यांनी आपल्याकडे मीटरवर मजुरी घेऊन माग चालवले आहेत, त्यांना ही गोष्ट फोड करून सांगावी लागणार नाही.

१८३९ मध्ये लिऑनच्या विणकरांनी जॅकार्डचेच एक रेशमी चित्र विणले. त्यासाठी चोवीस हजार पत्ते लागले आणि प्रत्येक पत्त्यावर हजाराहून अधिक भोकांच्या जागा होत्या. पाहणाऱ्याला ते कोरीव चित्राची छापील प्रत वाटे. हिशेब केला तर अडीच कोटींच्या घरात होय-नाही त्या चित्रात भरलेले होते. आजच्या भाषेत ते तीन मेगाबाइट झाले; आपल्या मोबाइलवर काढलेला एक फोटो साधारण एवढीच जागा घेतो.

या चित्राची एक प्रत लंडनमध्ये चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाच्या दिवाणखान्यात होती. बॅबेज त्या वेळी एका अद्भुत गणनयंत्राचा आराखडा आखत होता, आणि यंत्राला काय करायचे ते सांगण्यासाठी त्याने जॅकार्डचे पत्ते उसने घेतले. परंतु त्याने त्यात एक फार महत्त्वाची भर घातली. मागावरची माळ एकाच दिशेने फिरते. कापडावर काय उमटले याची तिला खबर नसते. बॅबेजच्या आराखड्यात मधल्या हिशेबाचे उत्तर पाहून माळ मागे फिरू शकत होती, काही पत्ते पुन्हा वाचू शकत होती किंवा काही गाळून पुढे जाऊ शकत होती. उत्तर पाहून पुढचे पाऊल ठरवणे, हीच विणकामातून प्रोग्रॅमिंगकडे गेलेली पहिली पायवाट. बॅबेजची मैत्रीण एडा लव्हलेस हिने १८४३ मध्ये या यंत्रावरील एका फ्रेंच लेखाचे भाषांतर केले आणि मूळ लेखाहून मोठ्या टिपा त्याला जोडल्या. तिने या यंत्राची तुलना उघडउघड जॅकार्डच्या मागाशी केली, आणि हे यंत्र नुसते आकडे नव्हे, तर नियमांत बसवता येईल असे काहीही, संगीतसुद्धा, हाताळू शकेल असे भाकीत केले. बॅबेजचे यंत्र कधी पुरे झाले नाही. भाकीत मात्र खरे झाले.

पत्ते पुढे अमेरिकेत गेले. १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथने माणसामागे एक पत्ता भोके पाडून तयार केला आणि विजेच्या यंत्राने त्यांची मोजणी केली. त्याचीच कंपनी पुढे इतरांत मिसळून १९२४ मध्ये आयबीएम झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडेही हे पत्ते आले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये आपल्या लोकांनी बांधलेला टिफ्रॅक संगणक चालू झाला. १९६४ मध्ये तिथे सीडीसी ३६०० हा मोठा अमेरिकन संगणक आला. त्या काळी संगणकावर काम करणारे शास्त्रज्ञ पत्त्यांचे गठ्ठे काखोटीला मारून रांगेत उभे राहत. गठ्ठा हातातून सुटला आणि पत्ते विस्कटले की दिवसभराचे काम वाया. मुंबईत शास्त्रज्ञ पुठ्ठ्याच्या पत्त्यांतून समीकरणे सोडवीत होते, आणि त्याच काळात तिथून चारशे किलोमीटरवर सोलापुरात विणकर पुठ्ठ्याच्या पत्त्यांतून फुले काढीत होते. दोघांच्या पत्त्यांचे खापरपणजोबा एकच होते.

* * *

आता पडद्यावरच्या पानाकडे येऊ. १९८९ च्या मार्च महिन्यात जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली या इंग्रज तरुणाने एक टिपण लिहिले. संस्थेतली माहिती निरनिराळ्या संगणकांत विखुरलेली आहे, ती एकमेकींना धाग्यांनी जोडावी, असा त्याचा आशय. त्या जाळ्याला त्याने जे नाव दिले त्यातला वेब हा शब्द विणण्याच्याच कुळातला आहे. १९९१ मध्ये त्याचे हे काम जगासमोर आले. पान कसे लिहावे यासाठी त्याने एचटीएमएल नावाची एक साधी भाषा केली. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा दुसऱ्या पानाकडे नेणारा दुवा, एवढेच ती सांगते. शीर्षक किती मोठे, कोणत्या रंगाचे, हे सांगत नाही. कापडाच्या भाषेत बोलायचे तर हा नुसता ताणा झाला.

रंग आणि नक्षी हवी, ही हाव मनुष्यमात्राला असतेच. १९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून मोझेक हा चित्रे दाखवणारा ब्राउझर निघाला आणि वेब घराघरात शिरू लागले. मांडणीसाठी काही साधन नव्हते, म्हणून पाने रचणाऱ्यांनी एक जुगाड केले. आकडे मांडण्यासाठी दिलेल्या तक्त्याच्या चौकटी घेऊन त्यांतच त्यांनी चित्रे आणि मजकूर बसवला. नकळत ते नक्षीवाल्याच्या चौकटीच्या कागदाकडे परत गेले होते. १९९४ मध्ये होकोन व्हिउम ली या नॉर्वेच्या तरुणाने सुचवले, की मजकूर एका ठिकाणी आणि त्याचे रूप दुसऱ्या ठिकाणी लिहावे. त्यातून १९९६ च्या डिसेंबरात सीएसएस ही दुसरी भाषा प्रमाण म्हणून मान्य झाली. रूप वेगळे ठेवल्याचा लाभ सोलापूरकराला तेव्हाच कळेल. माग तोच, सूत तेच. माळ बदलली की सारी नक्षी बदलते. या भाषेत खऱ्याखुऱ्या चौकटीची मांडणी सर्व प्रमुख ब्राउझरांत २०१७ मध्ये आली. चौकटीच्या कागदाला अशी राजमान्यता मिळायला वीसएक वर्षे लागली.

तिसरी भाषा जावास्क्रिप्ट. १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइकने तिचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. घाईत विणलेल्या कापडात जे राहते ते तिच्यातही राहिले, आणि त्याबद्दल तिला अजून बोलणी बसतात. परंतु पान ऐकू लागले ते तिच्यामुळे. वाचकाने बटण दाबले तर काय करायचे, त्याने चुकीचा पिनकोड लिहिला तर काय म्हणायचे, हे ती ठरवते. उत्तर पाहून माळ पुढे न्यावी की मागे, ही बॅबेजची कल्पना अशी घरोघरच्या पडद्यावर आली. आगगाडीचे तिकीट काढताना गाडी निवडली की लगेच जागा आणि भाडे दिसते, ते या तिसऱ्या भाषेचे काम.

पुढे पाने इतकी गुंतागुंतीची झाली, की या तीन भाषा हाताने लिहिणे जड होऊ लागले आणि हत्यारांची रांग लागली. २००६ मध्ये जॉन रेसिगने जेक्वेरी काढले. निरनिराळ्या ब्राउझरांच्या लहरी सांभाळण्याचा कंटाळवाणा भाग त्याने अंगावर घेतला. २०१३ मध्ये फेसबुकने जॉर्डन वॉक याने रचलेले रिॲक्ट सर्वांना खुले केले. त्यातली कल्पना समजायला कठीण नाही. पूर्वी पान बदलायचे तर इथले पुसा, तिथले लिहा, असे एकेक सांगावे लागे. रिॲक्टमध्ये माहिती अशी असेल तर पान असे दिसावे, एवढेच सांगायचे. माहिती बदलली की जुने आणि नवे रूप ताडून पाहून जेवढे वेगळे तेवढेच ते बदलते. नक्षीच्या एका कोपऱ्यात फरक केला तर जाणता नक्षीवाला सारी माळ फेकून देत नाही. तेवढेच पत्ते नव्याने पाडतो. तीच ही काटकसर.

* * *

इथे नकलेचा प्रश्न येतो. भौगोलिक मानांकनाची गरज का पडली, ते पुढे येईल असे वर म्हटले होते. फूल विणकराच्या बोटांत होते तोवर ते चोरायचे तर त्याची बोटेच चोरावी लागत. ते पत्त्यांत उतरले, तेव्हा पत्त्यांच्या माळेबरोबर ते कोठेही जाऊ शकले. सोलापुरी म्हणून दुसऱ्या गावची स्वस्त चादर बाजारात विकली जाते, ही सोलापूरची जुनी तक्रार आहे. जे ज्ञान लिहून ठेवले ते फोफावते आणि त्याच क्षणी ते पोरकेही होते.

वेबचा अनुभव मात्र याच्या नेमका उलट. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने जाहीर केले, की हे सारे कोणीही, एक पैसाही न देता वापरावे. शिवाय ब्राउझरमध्ये पानाचे मूळ लिखाण उघडून पाहण्याची सोय पहिल्यापासून होती. म्हणजे कापडाबरोबर पत्त्यांची माळही गिऱ्हाइकाच्या हाती. एका पिढीने दुसऱ्यांची पाने उसवून पाहत हा धंदा शिकून घेतला. त्यात शुल्क नव्हते, गुरू नव्हता, गंडाबंधन नव्हते. नकलेने विणकर पिचतो आणि नकलेनेच वेब वाढते, याचे कारण नकलेत नाही. एक ठिकाणी नक्कल करणारा त्याच बाजारात, त्याच गिऱ्हाइकाला, कमी दराने माल विकतो. दुसऱ्या ठिकाणी तो आपल्या गावासाठी आपले निराळे पान विणतो. पुढे वेबवरही मोठमोठे सावकार बसले आणि तिथलाही बाजार पहिल्यासारखा राहिला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

* * *

या साऱ्या विणकामात आपली मराठी कोठे होती? खेदाने सांगावे लागते, की आरंभी ती माळेत नव्हतीच. वेब जन्मले ते रोमन लिपीत. पुण्याच्या सी-डॅकने आणि त्याआधी कानपूरच्या आयआयटीने भारतीय लिप्या संगणकात आणण्याचे मोठे काम केले होते. त्यातून इस्की हे प्रमाणही ठरले होते. १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली, ती त्याच पायावर. परंतु प्रमाण ठरणे वेगळे आणि पडद्यावर अक्षर उमटणे वेगळे. नव्वदीच्या दशकात प्रत्येक मराठी वर्तमानपत्राच्या संकेतस्थळाचा फॉन्ट स्वतंत्र असे. तो उतरवून घेतला नाही, तर अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. परदेशातला मराठी माणूस गावची बातमी वाचायला बसे आणि आधी तासभर फॉन्ट शोधत बसे.

अडचण खरोखर नाजूक होती. ‘किल्ला’ हा शब्द घ्या. आपण आधी क उच्चारतो, मग वेलांटी. संगणकही त्याच क्रमाने साठवतो. पण लिहिताना वेलांटी क च्या आधी येते, आणि दोन ल एकात एक गुंततात. म्हणजे साठवलेला क्रम आणि दिसणारा क्रम यांच्यामध्ये कोणीतरी बसून तारा वरखाली केल्या पाहिजेत. विंडोज २००० मध्ये ही सोय आली आणि तिच्याबरोबर मंगल नावाचा देवनागरी फॉन्ट आला. त्याचे रेखाटन र. कृ. जोशी यांचे. कवी, सुलेखनकार आणि अध्यापक असलेल्या या मराठी माणसाचे अक्षर, आपण कोणाचे अक्षर वाचतो आहोत हे न कळताच, लक्षावधी लोकांनी वर्षानुवर्षे वाचले. ते २००८ मध्ये निवर्तले. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःचे घर मिळाले तेही २००८ मध्येच. तोवर तो अ वर चंद्र चढवून कसाबसा काढावा लागे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मराठी ल आणि श यांची वळणे हिंदीहून निराळी आहेत, आणि महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये लिपीचे प्रमाण ठरवताना मराठी वळणेच मान्य केली. संगणकात मात्र दोन्ही भाषांच्या ल चा क्रमांक एकच. मग कोणता ल काढायचा हे फॉन्टला कसे कळावे? पान लिहिणाऱ्याने आरंभी ‘हे पान मराठी आहे’ अशी दोन रोमन अक्षरांची खूण करावी लागते. ती असली आणि फॉन्ट जाणता असला, तर आपला ल, आपला श उमटतो. खूण नसली तर पान अडत नाही, बोंब होत नाही; फक्त हिंदी वळणाची अक्षरे मुकाट्याने येतात आणि काही वर्षांनी मुलांना तीच आपली वाटू लागतात. माळेतल्या एका पत्त्याचे एक भोक राहून गेले तर चादर फाटत नाही. पण पाकळी कायमची तुटकी निघते. पत्ता पाडणारा आपल्यातला असावा लागतो, तो यासाठी.

* * *

आजच्या सोलापुरात पत्ते पाडण्याचे काम पुष्कळ ठिकाणी संगणकाकडे गेले आहे. नक्षी पडद्यावर काढतात, आणि विजेवर चालणाऱ्या नव्या जॅकार्डला तर पुठ्ठाच लागत नाही. मागाने ज्याला जन्म दिला, तो नातू असा आजोबाच्या घरी परत आला आहे. गावात विद्यापीठ आहे, ते २००४ साली स्थापन झाले आणि आता पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावाने चालते. अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. माग चालवणाऱ्यांच्या घरातली मुले तिथे शिकतात आणि पुण्याला, हैदराबादला, बंगळूरला जाऊन पडद्यावरची पाने विणतात. आईबापांना धंद्याचे नाव नीट सांगता येत नाही. ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ असे ते शेजाऱ्याला सांगतात. त्यांनी खुशाल सांगावे, की पोरगा नक्षीवाला झाला आहे. ते अगदी खरे आहे.

परंतु या मुलांसमोर एक जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा आहे. अलीकडे यंत्राला साध्या भाषेत ‘मला असे पान हवे’ असे सांगितले, तर ते तिन्ही भाषा स्वतःच लिहून देते. लिऑनमधल्या तारा ओढणाऱ्या पोराचे जे झाले ते आपलेही होईल का, अशी धास्ती अनेक घरांत आहे. इतिहास याचे भविष्य सांगत नाही. तो एवढेच दाखवतो, की ओढणाऱ्याचे काम गेले तेव्हा नक्षी काढणारा, पत्ते पाडणारा, यंत्र दुरुस्त करणारा अशी नवी कामे निघाली. आणि हेही दाखवतो, की ती कामे बहुधा त्याच पोरांना मिळाली नाहीत. मधली पिढी पुष्कळदा चेपली गेली. तिला सावरायचे तर १८३१ च्या विणकरांनी धरलेला मुद्दाच धरावा लागेल. यंत्र फोडण्यात अर्थ नाही. यंत्राने वाढवलेल्या कमाईचा दर कोण आणि कसा ठरवतो, हे विचारण्यात आहे. त्याबरोबर घरच्या मुलाने माळ नुसती चालवायला न शिकता पाडायलाही शिकावे, आणि पाडताना मराठीचा पत्ता विसरू नये, एवढी अपेक्षा करायला हरकत नाही.

लिऑनच्या बुशाँपासून सोलापूरच्या पद्मशाल्यापर्यंत आणि तिथून मंगल अक्षरांच्या रेखाटनकारापर्यंत, या वंशावळीत राजे-महाराजे फार थोडे आहेत. बहुतेक मंडळी चौकटीच्या कागदावर मान खाली घालून एकेक चौकोन भरणारी. दिवाळीच्या दिवसांत आपण चादर अंगावर ओढून मोबाइलवर शुभेच्छा धाडतो, तेव्हा त्यांच्यातल्या दोन शाखांचे काम एकाच वेळी आपल्या हाताखाली असते. त्या चौकोन भरणाऱ्यांनाही एक पणती लावावी.